कलम वीसवरचा निबंध

आपण स्वतः लिहिलेलं वाक्य पडद्यावर उमटलं आणि त्यातला एकच शब्द कुणीतरी बदललेला असला, की मेंदूच्या आलेखावर एक उंचवटा येतो. शब्द दिसल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत तो येतो आणि लगेच ओसरतो. छापील कागदावर तो ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. कुणी बोट ठेवून दाखवला नाही तर दिसतही नाही. मृण्मयी देशकरला तो शोधावा लागत नसे. आलेखावरून नुसती नजर फिरवली तरी दाणे आपोआप वेगळे दिसत. मोहिनी आडेच्या आलेखावर तिनं नजर फिरवली, मग बोट फिरवलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेषा सपाट होती.

"झालं का मॅडम?" मोहिनीनं खुर्चीतूनच विचारलं. कपाळावर पट्टी होती, म्हणून मान हलवत नव्हती. "काढू ही? सकाळी याडीनं, म्हणजे आईनं, डोक्याला तेल थापलंय. तुमची पट्टी चिकट होईल, मग मला नावं ठेवाल."

"थांब जरा. एकदा परत घेऊ."

"परत? पहिल्यांदा काय बिघडलं?"

"काही नाही. डोळ्यांची उघडझाप जास्त झाली असेल."

दुसऱ्या वेळीही रेषा सपाटच आली. यंत्रानं खाली आपला निष्कर्ष छापला: लेखन परकं. त्याखाली केंद्रप्रमुखाच्या सहीची जागा होती. मृण्मयीनं पेन उचललं. उचलताना तिला वाटलं, आत्ता सही करू आणि सविस्तर टिपण मागाहून जोडू. नियमात तशी सोय होती. तिनं सही केली.

पुढचे कितीतरी महिने तिला तो क्षण आठवत राहिला. तिनं विचार करून अन्याय केला नव्हता. रोजच्यासारखं काम उरकलं होतं, इतकंच.

पुसदच्या त्या महाविद्यालयात मृण्मयी जीवशास्त्र शिकवायची आणि 'स्वलेख'चं केंद्र सांभाळायची. स्वलेख येण्याआधी लेखनावरचा विश्वास पार उडाला होता. मागाल तसा निबंध यंत्रं क्षणात लिहून देत, तोही मुद्दाम दोन चुका घालून, म्हणजे पोरानंच लिहिलाय असं वाटावं. शिक्षक तपासून थकले. मुलं म्हणत, आम्हीच लिहिलंय. शिक्षक म्हणत, कशावरून? कुणाकडेच उत्तर नव्हतं. ते मृण्मयीच्या नवऱ्याला सापडलं.

सुधन्वा देशकरचं म्हणणं साधं होतं. वाक्य वाचणं वेगळं आणि घडवणं वेगळं. लिहिताना माणूस एक शब्द निवडतो आणि चार टाकून देतो. त्या टाकलेल्या चार शब्दांशी त्याची झटापट झालेली असते, आणि तिची खूण मेंदूत राहते. समजा, एका मुलीनं 'तो घाबरला' असं लिहिलं, आणि आपण तिला 'तो भ्याला' असं दाखवलं. अर्थ तोच. वाचणाऱ्याला काही खटकत नाही. पण जिनं ते वाक्य घडवलंय तिचा मेंदू दचकतो: हा माझा शब्द नव्हे. तो दचका म्हणजेच तो दाणा. लिहिणाऱ्याचा मेंदू आपल्या वाक्याला राखणदारासारखा बसलेला असतो, असं सुधन्वा भाषणात सांगायचा आणि टाळ्या घ्यायचा.

यंत्र खरंच चांगलं होतं. त्यानं कितीतरी नकला पकडल्या, आणि ज्यांच्यावर खोटा संशय होता अशा मुलांना सोडवलंही. आजवर एकाही प्रामाणिक मुलाला त्यानं चोर ठरवलं नव्हतं. निदान तशी नोंद कुठं नव्हती. त्या जोरावर आता स्वलेख शाळेच्या बाहेर पडणार होता. संशयिताला गुन्ह्याचा तपशील एका शब्दाचा फरक करून दाखवायचा. चोरी विहिरीजवळ झाली असेल तर 'शाळेजवळ' म्हणायचं. ज्याला खरं ठाऊक आहे तो दचकेल. विधिमंडळात तसं विधेयक आलं होतं, आणि त्यावरच्या समितीपुढे हिवाळ्यात नागपूरला सुधन्वाची साक्ष व्हायची होती. केंद्र चालवणारी तज्ज्ञ म्हणून मृण्मयीचीही.

मोहिनी तिच्याकडे पहिल्यांदा आली ती याच विधेयकाच्या निमित्तानं. बारावी कला शाखेची पोरगी, पुसदपासून जवळच्या तांड्यावरची. विद्यापीठानं निबंधस्पर्धा लावली होती: 'मूलभूत हक्कांपैकी एक'. पहिल्या क्रमांकाला विधी महाविद्यालयाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात थेट जागा, शिवाय वसतिगृह. बहुतेकांनी समानता घेतली, काहींनी शिक्षणाचा हक्क. मोहिनीनं घेतलं विसावं कलम, त्यातलं तिसरं पोटकलम: आरोपीला स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही.

"एवढ्या हक्कांतून हाच का गं?" मृण्मयीनं विचारलं होतं.

"आमच्या घरात हाच जास्त लागतो, मॅडम," मोहिनी म्हणाली आणि हसली.

मग तिनं सांगितलं. तलावावरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या तेव्हा ती चौथीत होती. तिच्या बापाला ठाण्यात नेलं. कुठं होतास विचारलं तर तो गप्प बसला. बोललो तर शब्दात अडकवतील, असं त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. गप्प बसला म्हणून आणखी संशय वाढला. पुढे चोर भलतेच निघाले. "बापू सुटला, पण आमच्या मागे 'ठाण्यात जाऊन आलेले' हे लागलं ते लागलंच. गप्प बसायचा हक्क होता त्याला. त्याला माहीत नव्हतं, आणि ठाण्यातल्यांना माहीत असून नव्हतं."

निबंधासाठी ती सगळीकडे फिरली. न्यायालयाच्या आवारात एका वकिलीणबाईंच्या मागे लागून तिनं निकाल समजून घेतले. निवृत्त झालेल्या एका हवालदाराच्या ओसरीवर जाऊन बसली, आणि त्यानं हाकलल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसली. आणि मृण्मयीच्या प्रयोगशाळेत येऊन ती असे प्रश्न विचारू लागली की मृण्मयीला हातातलं काम बाजूला ठेवावं लागे.

"मॅडम, बोटांचे ठसे सक्तीनं घेता येतात. जबाब सक्तीनं घेता येत नाही. मग मेंदूचा दचका म्हणजे ठसा का जबाब?"

"मला नाही सांगता येणार. मला तो फक्त मोजता येतो."

"दोन हजार दहा साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, सक्तीनं नाही चालणार. पण माणूस स्वतःहून बसला तर चालतं. आता सांगा, ठाण्यात कोण स्वतःहून बसतं? आणि नाही बसला तर? 'भीती वाटते म्हणजे काहीतरी केलं असणार' असंच म्हणणार ना? मग नकाराला अर्थ काय राहिला?"

"हे लिही तू निबंधात."

"लिहिणारच. तुम्हाला आधी विचारलं, कारण यंत्र तुमच्या घरचं आहे. राग नको यायला."

मृण्मयीला राग आला नव्हता. तिला मूलबाळ नव्हतं, आणि ही पोरगी संध्याकाळी चहाच्या वेळी आली नाही तर प्रयोगशाळा उगाच मोठी वाटू लागली होती.

निबंध पहिला आला. मग नियमाप्रमाणे स्वलेखची चाचणी झाली आणि निकाल आला: लेखन परकं.

तो मोहिनीला सांगायचं काम मृण्मयीकडेच आलं. ती कागद हातात घेऊन बसली होती. मोहिनीनं तो समोरून उलटाच वाचला.

"म्हणजे मी चोरला."

"असं कुणी म्हणत नाही, मोहिनी."

"परकं म्हणजे काय मग? पाहुणं?" तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही बघितलं ना मॅडम, मी कुठं कुठं फिरले. तुमच्याच स्टुलावर बसून खाडाखोड केली."

"तू माहिती गोळा केलीस, हे मला माहीत आहे. वाक्यांचं यंत्र सांगतं. हे बघ, फेरचाचणी मागता येते. मी नवीन वाक्यं निवडीन, तू शांतपणे बस. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि नाही बसले तर?"

नियम दोघींना पाठ होता. फेरचाचणीला नकार म्हणजे निकाल मान्य.

"तेच तर लिहिलंय मी," मोहिनी म्हणाली. "पान भरून लिहिलंय. आणि आता मीच जाऊन बसू? मग तो निबंध खरंच परका झाला."

"विसावं कलम इथं लागूच होत नाही गं. ते गुन्ह्याच्या आरोपीला आहे. ही महाविद्यालयातली साधी पडताळणी."

"माहीत आहे. पाचव्या परिच्छेदात आहे ते." ती उठली. "मॅडम, यंत्र सोडा. तुम्हाला काय वाटतं? तुम्ही. मी लिहिला का नाही?"

प्रश्न सरळ होता, आणि उत्तर मृण्मयीच्या ओठांवर होतं. पण तिच्यातल्या शास्त्रज्ञ बाईनं ते अडवलं. दोनदा मोजलेलं माप खोटं म्हणायचं, ते कशाच्या आधारावर?

"मला थोडा वेळ दे," ती म्हणाली.

"घ्या," मोहिनी म्हणाली आणि गेली. त्या संध्याकाळपासून ती चहाला आली नाही.

"कशाला मनाला लावून घेतेस?" सुधन्वा म्हणाला. रविवारची सकाळ होती, तो गॅसपाशी उभा राहून पोहे परतत होता. स्वयंपाकघरात तो नेहमीच आनंदात असे. "हुशार मुलगी आहे, माहिती तिनंच जमवली असेल. शेवटी भाषा जमेना म्हणून लिहवून घेतलं कुठूनतरी. हुशार मुलंच असं करतात. ढ मुलांना एवढी महत्त्वाकांक्षा नसते."

"तिनं नाही केलं."

"डेटा?"

"डेटा नाही. मी तिला ओळखते."

"मृणू," त्यानं झारा खाली ठेवला, "ओळखणं हे माप नव्हे. मी ओळखतो, माझा पोरगा असा नाही, माझा विद्यार्थी तसा नाही, हे ऐकून ऐकून विटलो म्हणून तर आपण हे यंत्र बनवलं. ओळख असलेल्यांची पोरं सुटायची आणि बिनओळखीची मारली जायची. आठवतंय ना?"

आठवत होतं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच अडचण होती.

"तिला फेरचाचणीला बसव. दाणा आला तर मी स्वतः कुलगुरूंना पत्र लिहितो. नाही आला तर विषय संपला. लिंबू देतेस?"

तिनं लिंबू दिलं.

तांड्यावर जायला तिला दिवाळी उजाडली. वेचणीचे दिवस होते. घराच्या पडवीत कापूस छपरापर्यंत रचलेला होता. मोहिनीची आई शेवंताबाई त्यातली काडी-कचरा निवडत बसली होती. तिनं मृण्मयीला खाट दिली, पाणी दिलं, आणि मगच तोंड उघडलं.

"पोरीले कायले छळता हो बाई? रात्रंदिवस तेच लावलं होतं तिनं. मागल्या साली वावरात कापूस वेचू वेचू माह्ये कान खाल्ले. 'याडी, असं म्हणलं तर? याडी, तसं म्हणलं तर?' मी म्हणलं, माय, कापूस वेच, नाही तर दोघींचाही रोज बुडते!"

"तुम्हाला वाचून दाखवायची?"

"वाचून कुठली? मले काय ते शाळेतलं मराठी समजते का इतकं? आमच्या गोरमाटीत सांगे. मी म्हणे, हे नाही पटलं. मग फिरवून सांगे. पटलं की म्हणे, झालं, आता हे मराठीत टाकते."

मृण्मयीनं हातातला पेला खाली ठेवला.

तिला एकदम सगळं दिसलं. ती झटापट, ते शब्द निवडणं आणि टाकणं, सगळं कापसाच्या ओळींमधून, आईशी भांडत, गोरमाटीत, घरच्या बंजारा बोलीत झालं होतं. कागदावर उतरलं ते वाक्याचं शेवटचं रूप. शाळेत शिकलेल्या, नीटनेटक्या मराठीत. 'हक्क' काय आणि 'अधिकार' काय, मोहिनीला दोन्ही शब्द सारखेच बाहेरचे. एकाच्या जागी दुसरा आला तर तिच्या मेंदूनं दचकावं तरी का? राखणदार होता. पण तो दुसऱ्या घराच्या दारात बसला होता, आणि यंत्रानं त्या दारावर कधी थाप मारलीच नव्हती. सुधन्वानं यंत्र ज्यांच्यावर घडवलं ती मुलं पुण्या-नागपूरची होती, घरी बोलायची त्याच भाषेत लिहिणारी. ती यादी करताना मृण्मयी त्याच्या शेजारी बसली होती. दोघांनाही ते खटकलं नव्हतं.

मोहिनी मागच्या दारानं आली. मृण्मयीला पाहून थबकली, मग आईशेजारी कापसात बसली.

"मोहिनी, मला कळलं," मृण्मयी घाईनं म्हणाली. "चाचणी मराठीत घेतली, तिथंच चुकलं. तीच वाक्यं आपण गोरमाटीत करू. तू बोललीस तशी. त्यातला एक शब्द बदलला की बघ, दाणा येतो की नाही! एकदाच बस. सिद्ध होईल."

"मले बसवा," शेवंताबाई म्हणाली. "माह्यं डोकं तपासा ना. सारं ऐकलं म्या. मी सांगते तुमच्या यंत्राले."

"याडी, तू कापूस निवड," मोहिनी म्हणाली. मग मृण्मयीकडे वळली. "सिद्ध झालं की काय होईल?"

"तुझी जागा परत मिळवता येईल. प्रयत्न करता येईल."

"जागा दुसरीला दिली. पावसाळ्यातच तिचा प्रवेशही झाला. चांगली मुलगी आहे, उमरखेडची. तिच्याकडून काढून घेणार?"

मृण्मयीला हे माहीत नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

"आणि मॅडम, मी बसले आणि यंत्रानं म्हटलं की हो, हिचंच आहे, तर लोक म्हणतील यंत्रानं सोडवलं. म्हणजे यंत्र बरोबरच आहे. फक्त भाषा बदलायची, गोरमाट्यांना गोरमाटीत पकडायचं. उद्या बापूला पट्टी लावतील तेव्हा म्हणतील, तुमच्या मोहिनीनं नाही का लावली, तुला काय होतंय?" कापसातली एक काडी उपटून तिनं बाजूला टाकली. "मी नाही बसणार. तुम्हाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवता येतो का, तेवढं बघा. नसेल येत तर मी काही म्हणणार नाही."

"माझ्या एकटीच्या विश्वासानं काय होणार गं?"

"तुम्ही काही आरोपी नाही ना मॅडम," मोहिनी म्हणाली. "गप्प बसायची मुभा आरोपीला आहे. बघणाऱ्याला नाही."

ती हे टोमण्यानं म्हणाली नव्हती. अभ्यासातला मुद्दा सांगावा तसं म्हणाली होती, म्हणून ते मृण्मयीला जास्त लागलं. परत निघताना शेवंताबाईनं तिच्या पिशवीत मूठभर शेंगा घातल्या. मोहिनी रस्त्यापर्यंत सोडायला आली नाही.

त्यानंतर मृण्मयीनं काय करायचं ते ठरवलं, आणि केलं नाही. टिपण लिहायला बसली की पहिल्याच वाक्याशी अडे: 'माझ्या मते'. मत हा काही पुरावा नव्हे, असं ती स्वतःच वीस वर्षं मुलांना शिकवत आली होती. मग घरात सुधन्वाची तयारी चालू झाली. आलेख, तक्ते, समितीच्या सदस्यांना समजतील अशी चित्रं. जेवताना तो तिला साक्षीचा सराव करून दाखवी. इतक्या वर्षांचं त्याचं काम, आणि आता कुठं लोकांना त्याचं मोल कळतंय. आज नको, ती म्हणे. हा आठवडा जाऊ दे.

मोहिनीनं पावसाळ्यातच त्याच महाविद्यालयात बी.ए.ला नाव घातलं होतं. जिन्यात भेटली की "नमस्ते मॅडम" म्हणे, इतरांना म्हणावं तसं.

एका दुपारी केंद्र रिकामं होतं, म्हणून मृण्मयीनं पट्टी स्वतःच्या कपाळाला लावली. यंत्रात तिनं स्वतःचा जुना लेख घातला. स्वलेखवरचा पहिला शोधनिबंध, इंग्रजीतला. वर दोघांची नावं. तो तिनं जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला होता. आधी मराठीत कच्चा, वाक्य वाक्य तासून, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत. सुधन्वानं गणितं पाहिली होती. वाक्यं सगळी तिची.

पडद्यावर वाक्यं येत गेली, शब्द बदलत गेले. तिला काहीच खटकलं नाही. शेवटी यंत्रानं कागद छापला: लेखन परकं.

तिनं पट्टी काढली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग तिला हलकं हलकं वाटलं. डेटा मिळाला होता. एकाच माणसाचा, पण डेटा. मोहिनीला खुर्चीत न बसवता मिळालेला.

संध्याकाळी तिनं तो सुधन्वापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. तांडा, गोरमाटी, तिचा स्वतःचा मराठी कच्चा खर्डा. त्यानं शांतपणे ऐकलं. तो ऐकत असे, हा त्याचा गुण होता. मग तो हसला, अगदी प्रेमानं.

"अगं, त्यात नवल काय? तो लेख बराचसा मीच लिहिला होता ना."

"तू?"

"म्हणजे तू मदत केलीस, खूप केलीस. पण मांडणी माझीच होती. इतकी वर्षं झाली, तू विसरलीस. बघ, यंत्र विसरलं नाही!" आणि त्यानं कागद तिला परत दिला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं, आणि यंत्र त्याच्या बाजूनं होतं. मृण्मयीनं तोंड उघडलं. मी लिहिला, असं म्हणायचं होतं. पण म्हणून दाखवायचं कशानं? टेबल कधीच विकलं होतं, कच्चे कागद रद्दीत गेले होते. उरला होता तिचा शब्द, आणि समोरचा माणूस तो मायेनं बाजूला सारत होता. अंगातून काहीतरी उपटून न्यावं तसं तिला झालं. मोहिनी त्या दिवशी स्टुलावरून उठताना तिला काय वाटलं असेल, ते मृण्मयीला आत्ता कळलं. इतक्या उशिरा, आणि स्वतःवर आल्यावर. त्याची तिला सर्वांत जास्त लाज वाटली.

"चहा टाकतेस का?" सुधन्वानं विचारलं.

"तू टाक," ती म्हणाली.

नागपूरला समितीच्या दालनात ऊन तिरपं आलं होतं. लांब टेबलापलीकडे सदस्य, अलीकडे साक्षीदार. कोपऱ्यात लघुलेखक. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ होते, आवाज खालचा आणि बोलणं संथ. सुधन्वा छान बोलला. राखणदाराचा दाखला दिला तेव्हा दोन-तीन सदस्यांनी माना डोलावल्या.

"डॉक्टरसाहेब, एकच विचारतो," अध्यक्ष म्हणाले. "आमचे लोक साधे आहेत. यंत्रापुढे घाबरतील. आजवर या यंत्रानं खऱ्या माणसाला खोटं ठरवलंय का? एकदा तरी?"

"एकदाही नाही," सुधन्वा म्हणाला. त्याचा त्यावर पूर्ण विश्वास होता.

"आणि चाचणी स्वेच्छेची. ज्याला नको त्यानं नाही म्हणावं."

"अर्थात."

"छान. देशकर मॅडम, तुमचं निवेदन डॉक्टरांच्या निवेदनातच आलंय, असं इथं लिहिलंय. वेगळं काही नसेल तर तुमची सहमती धरतो आणि पुढे जातो. चार वाजता दुसरी बैठक आहे." त्यांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

सुधन्वानं तिच्याकडे पाहून हलकंसं स्मित केलं. घरी निघायचं का, असं विचारताना करी तसंच. काही न बोलता नुसतं बसून राहिलं की झालं, इतकं सोपं होतं ते. इतके महिने ती तेच तर करत आली होती. समोरच्या सदस्यबाई तिच्याकडे बघत होत्या.

"धरू ना सहमती?" अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"नको," मृण्मयी म्हणाली.

सुधन्वाचं स्मित तसंच राहिलं. त्याला अजून कळलं नव्हतं. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग लघुलेखकाकडे.

"सहमती धरू नका. या यंत्रानं एका मुलीला खोटं ठरवलंय. तिचं नाव मोहिनी आडे. त्या निकालाखाली सही माझी आहे. ती मी आज मागे घेते. फेरचाचणीला बसायला तिनं नकार दिला, म्हणून माझ्याकडे माप नाही. फक्त तिचा शब्द आहे, आणि तो मला पुरतो. मी या विधेयकाच्या विरुद्ध साक्ष देणार आहे."